सावरीच्या वातीचा दिवा

एका राज्यात सुमंतसेन नावाचा राजा होता. राज्य सुपीक, प्रजा कष्टाळू. पण त्या मुलखाला एक खोड होती. एका वेळी एकच काम करणारा माणूस तिथे आळशी ठरे. द्वारपाल पहारा करता करता टोपल्या विणी, आचारी फोडणी देता देता पंचांग सांगे, आणि न्हावी दोघांची हजामत एकदम करी. म्हणून त्या नगरात अर्ध्या मिशीची माणसे पुष्कळ. जो आठ कामे एकदम करून दाखवी, त्याला राजा सोन्याचे कडे देई. राजकन्या वैजयंतीच्या हातात अशी तीन कडी होती.

एके दिवशी कपिलसिद्ध नावाचा मांत्रिक तांब्याची पेटी कापडाने धरून दरबारात आला. राजा तेव्हा सारीपाट खेळत होता, लेखनिकाला खलिता सांगत होता आणि ससाण्याला घास भरवीत होता. मांत्रिकाने पेटी त्याच्यापुढे ठेवली.

"राजा, यात शापित रत्ने आहेत. तुझ्या भूमीत ती खोल पुरून टाक. पण उघड्या हाताने पेटीला शिवशील तर दगड होशील. ऐकलेस?"

"ऐकले, ऐकले," म्हणत राजाने फासे टाकले आणि मोकळा झालेला हात पेटीवर टेकला.

बसल्या जागी राजाची पावले दगडाची झाली. दरबारात हाहाकार उडाला. वैजयंती धावत बापापाशी आली. आईमागे या बापानेच तिला वाढवले होते.

मांत्रिक म्हणाला, "दगड रोज थोडा वर चढेल. सातव्या दिवशी सूर्य मावळताना तो मस्तकाला पोचेल, मग उपाय नाही. दोन दिवसांच्या वाटेवर काळा डोंगर आहे. तिथला धनेश पक्षी उपाय सांगेल. जाणारा मात्र राजाच्या रक्ताचा हवा."

वैजयंती एकटी निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती डोंगरावर पोचली. तिथे एका गुहेच्या तोंडाशी, वडाच्या ढोलीपाशी धनेश बसला होता.

"पक्षिराज, माझे तात दगड होत आहेत. उपाय सांगा."

"तीन कामे आहेत. सावरीच्या कापसाची न तुटलेली वात काढ. करंजाच्या बियांचे वाटीभर तेल काढ. या गुहेतला अग्नी त्या दिव्यावर घेऊन राजापाशी जा. त्या उजेडाने दगड वितळेल. सावर आणि करंज इथेच आहेत; टकळी, मुसळ, पणती ढोलीत मिळतील."

राजकन्या मनात हसली. तीनच कामे! तिसऱ्या दिवशी पहाटेच तिने गुहेतला अग्नी पणतीत घेऊन पुढ्यात ठेवला, एका हाताने टकळी फिरवली, दुसऱ्याने बिया कुटायला घेतल्या. सावरीचा कापूस निसरडा, धागा तुटला. तो जोडायला वळली तर मुसळ बोटावर बसले. बोट झाडले तर वाटी लवंडली आणि तेलाने पणती विझली. दिवसभर तिने हेच केले. सूर्य मावळला तेव्हा तिच्यापाशी तुटके धागे, तेलकट माती आणि सुजलेले बोट एवढेच होते.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," धनेश म्हणाला.

वैजयंतीला रडू कोसळले. "पक्षिराज, वेळ थोडा आहे, म्हणून तर तिन्ही एकदम करते!"

"वेळ थोडा आहे, म्हणूनच एकदम करू नकोस."

चौथ्या दिवशी तिने मुसळ दृष्टीआड ठेवले आणि टकळी धरली. मन पुन्हा पुन्हा तेलाकडे धावे, बापाकडे धावे. ती त्याला चुचकारून धाग्यावर आणी. कडी मनगटावर वाजत, म्हणून ती तिने काढून बाजूला ठेवली. संध्याकाळी वात तयार होती. पाचव्या दिवशी तिने फक्त तेल काढले. तेही झाले.

सहाव्या दिवशी पदराच्या आडोशाला दिवा घेऊन ती परतीला लागली. सातव्या दिवशी दुपारी राजवाड्यातला राघू उडत उडत आला.

"राजकन्ये, दगड गळ्याला आला! पळ, पळ!"

 तिचे पाय आपोआप उचलले गेले, तशी ज्योत आडवी झाली आणि निळी पडली. वैजयंती जागीच थांबली. बाप मरणाच्या दारी असताना सावकाश चालायचे, याहून कठीण काम तिने जन्मात केले नव्हते. ती ज्योतीकडे पाहत एकेक पाऊल टाकू लागली.

"मुलगी की वैरीण!" राघू ओरडला. तिने पुढचे पाऊल टाकले.

नगराच्या वेशीपाशी प्रधान आला, सेनापती आला, शंभर प्रश्न आले. ती ज्योतीवरची नजर न काढता दरबारात गेली. सूर्य टेकला होता. राजाचे डोळे आणि कपाळ एवढेच उरले होते. तिने दिवा त्याच्यासमोर ठेवला.

उजेड गालांवर पडला. मग ओठांवर, छातीवर, हातांवर. दगड पाण्यासारखा ओघळून गेला. पेटीवरचा शापही त्याच उजेडात जळाला, आणि रत्नांचे कोळसे झाले.

राजाने श्वास घेतला, तोच सगळे त्याच्याभोवती धावले. प्रधान सीमेवरची वार्ता सांगू लागला, लेखनिकाने अर्धा खलिता पुढे केला, वैद्याने नाडी धरली, आचाऱ्याने ताट आणले.

राजाने हात वर केला.

"आज यातले काही नाही," तो म्हणाला. "आधी मला माझ्या लेकीला नीट पाहू द्या."

त्याने तिचे सुजलेले बोट हातात घेतले, पायांचे फोड पाहिले. मग विचारले, "पोरी, वाटेत काय काय झाले?"

वैजयंती सांगत राहिली. राजा ऐकत राहिला. त्या दिवशी त्याने दुसरे काहीही केले नाही.