पंच बाबालाल

बाबालाल नदाफ गाद्यांचा कापूस पिंजायचा, पण आज फौजदार साळोखेंनी त्याचंच डोकं पिंजून ठेवलं होतं. परदेशी लोक शोधा, असा वरून हुकूम आला होता आणि साळोखेंनी त्याला ठाण्यात आणून बसवलं होतं.

त्यानं आधार कार्ड दिलं, तर तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. रेशनकार्ड दिलं, तर ते धान्यापुरतं. मतदार कार्ड तर म्हणे कुणीही काढतं.

"मग कुठला कागद चालंल, साहेब?"

"जबाबदार अधिकाऱ्यानं खात्री करून सही केलेला."

बाबालालनं गोंधळून डोकं खाजवलं. मग चाचरत म्हणाला, "गेल्या साली मोटारपंपाच्या चोरीत तुम्ही मला पंच केलंत. पंचनाम्यात लिहिलंत, 'पंच जन्मापासून याच गावचा, प्रतिष्ठित गृहस्थ.' खाली तुमचीच सही आहे."

"त्याचं आता काय?"

"सोमवारी कोर्टात माझी साक्ष आहे. जज्जसाहेबांना काय सांगू? पंच परदेशी, का तुमची सही खोटी?"

साळोखेंनी मुकाट्यानं कागद परत केले, वर चहा मागवला.

चहा संपला तरी बाबालालला उमगेना, आपण या देशाचे ठरलो ते घटनेमुळं, की चोरीच्या मोटारपंपामुळं.