मोडकसरांचा पिसासारखा तंबू

चूक सगळी मोडकसरांचीच. साताऱ्यातल्या एका गिर्यारोहण क्लबचे हे साठीतले म्होरके. वीस वर्षं डोंगर चढले, पण त्यांचा तंबू दर वेळी क्लबातली नवी पोरंच वाहायची. मान मोठ्यांचा आणि ओझं धाकट्यांचं, ही पद्धत पाडली होती सरांनीच.

पाच दिवसांच्या मोहिमेसाठी क्लबातल्या केतकीने स्वस्तातला, एकट्यापुरता तंबू आणला. वजन सव्वा किलो. खांबाच्या जागी हातातली काठीच लावायची. सर फिदीफिदी हसले.

"अगं, हा तंबू की हातरुमाल? माझ्यासारखा परदेशी घे, पिसासारखा हलका! नाहीतर मोहिमेतून तुझं नाव काढतो."

केतकी वर्षभर या मोहिमेची वाट बघत होती. पण ती भांडली नाही. तिने दोन्ही तंबू सारख्याच सॅकमध्ये भरले, रद्दी कोंबून दोन्ही सारख्या फुगवल्या आणि सगळ्यांदेखत सरांपुढे ठेवल्या.

"सर, उचलून तुमचा ओळखा. ओळखलात तर मी घरी बसते. चुकलात तर ज्याचा तंबू त्याच्या पाठीवर."

"हात्तिच्या!" सरांनी पहिली सॅक उचलली आणि कण्हत खाली ठेवली. दुसरी दोन बोटांवर झुलवली. "हा माझा! दर्जा हाताला कळतो, पोरी."

केतकीने गाठ सोडली. आतून हातरुमाल निघाला.

"सर, तुमचा तंबू तुम्ही एकदा तरी उचलला असता, तर आज ओळखू आला असता."

आजवर सरांचा तंबू वाहणाऱ्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

मोहिमेत सरांनी साडेचार किलोचा तंबू पाचही दिवस स्वतः वाहिला.