तुळसाने घडवलेलं जड जातं

ऐका बरं का. नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या गावात वरची आळी माळ्यांची, खालची कोळ्यांची. माळिणी म्हणायच्या, कोळ्यांच्या हाताला वास मारतो. कोळिणी म्हणायच्या, माळ्यांचं काळीज दगडाचं. कुणी कुणाच्या ओट्यावर कधी टेकलं नाही.

घरोघरची झिजून गुळगुळीत झालेली जाती टाकी लावून खरबरीत करायला तुळसा पाथरवटीण यायची. तोंडाची फटकळ, पण मनाची लोणी हो!

एका वर्षी पुरात दोन्ही आळ्या बुडाल्या. सगळे भैरोबाच्या टेकडीवर धावले, तुळसाही. कोळी-कोळिणी होड्या घेऊन अडकलेल्यांना आणायला गेले. त्यांची म्हातारी पारू तेवढी मागे राहिली, तापाने फणफणलेल्या बाळंतीण सुनेपाशी. सुनेच्या घशाखाली उतरली असती तर पातळ पेजच. तिला दूध येईना. रडून रडून बाळाचा आवाज बसला.

सगुणा माळिणीकडे नाचणी होती. तिने ती पारूच्या पदरात वरूनच ओतली. पण दळायचं कशावर? सगळी जाती गाळात गेलेली.

तुळसाने टेकडीचाच खडक फोडून जातं घडवलं. घाईत वरची तळी, म्हणजे फिरणारा दगड, फार जाड राहिली. पारूला एकटीला ती हलवेना.

“बघत काय राहिलीस? बस की समोर!” दगड फोडून सोललेले हात पदराला पुसत तुळसा सगुणेवर खेकसली.

“अगं, तिच्या हाताला हात लागेल.”

“लागू दे. झडतोय का? ते लेकरू बघ आधी!”

सगुणेने डोळे मिटून खुंटा धरला. पारूचा सुरकुतलेला हात थंडगार होता. सगुणेला एकदम आपली आई आठवली. तिने तो हात घट्ट धरला. पारूने रडवेल्या आवाजात ओवी धरली, तर पुढची ओळ सगुणेला येत होती! अन् ते जातं भिंगरीसारखं फिरू लागलं, असं म्हणतात. पसाभर नाचणीचं पीठ सरेचना. सून पेज प्याली, तिला दूध आलं. होड्या परतल्या, तेव्हा कोळ्यांना माळिणींनी भाकरी वाढली.

पाणी ओसरलं तशी तुळसा दिसेनाशी झाली. ती त्या खडकातच शिरली, असं म्हणतात.

जातं अजून तिथेच आहे. गावात कुणीही बाळंत झालं, की पहिल्या पेजेचं दळण त्यावर. एक बाई वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. मध्यंतरी एका शहाणीने लांब खुंटा ठोकला, हाताला हात लागू नये म्हणून. जातं जागचं हललं नाही, असं म्हणतात.

आणि पेज शिजेपर्यंत बाळ दुसऱ्या आळीच्या बाईच्या मांडीवर असतं. “घे, तुळसाचं लेकरू,” असं म्हणूनच आई ते तिच्याकडे देते.