मेलेल्या मुंग्यांची चौकशी

मुंग्यांना बोलता येत असे, त्या काळातली ही गोष्ट. एका वारुळात रोज मुंग्या मरू लागल्या. इतरजणी प्रेतं बाहेर टाकून कामाला लागत. काजळी नावाची मुंगी मात्र विचारत बसे, "हिने काल काय खाल्लं होतं?"

"मेलेल्यांची उठाठेव पुरे, बाई. दाणे उचल!" म्होरकी खेकसली.

पण काजळीची बहीण तापाने पडली होती. काजळी विचारतच राहिली. मेलेल्या साऱ्याजणींनी ओढ्याकाठचा बुरशी आलेला फणस खाल्ला होता; धडधाकट मुंग्यांनी तो चाखलाही नव्हता. काजळी फणसाकडे निघालेल्या रांगेला आडवी आली. "माझं चुकतही असेल, पण आज फणस नको."

दुसऱ्या दिवशी कुणी मेलं नाही. बहीण उठून बसली.

"जिंकलीस! आता तरी दाणे उचल," म्होरकी म्हणाली.

"एका दिवसावरून कसं सांगू? उद्याही बघू दे."