पाळणा टांगण्याआधी

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. तेव्हाही काही माणसं घरं बांधत, काही माणसं त्यांत भाड्याने राहत, आणि घर ज्याचं असे त्याला मान वर करून छपराकडे बघायचा तेव्हाही कंटाळाच असे.

नदीकाठच्या एका गावात भिवरा नावाची बाई पोहे कांडून पोट भरायची. भात भिजवायचा, कढईत भाजायचा आणि हाताला चटके बसत असतानाच उखळात घालून कांडायचा, हे तिचं काम. ती एकटी होती, पण रडकी नव्हती. कांडताना गुणगुणायची, आणि दारावरून कुणी गेलं की त्याच्या हातावर चिमूटभर गरम पोहे ठेवायची. तिच्या पोह्यांना लांबलांबून मागणी यायची.

त्याला कारण तिचं उखळ. काळ्या दगडाचं ते उखळ तिच्या आईचं होतं. नव्या उखळात कांडलेल्या पोह्यांत दगडाची कच उतरते आणि दाताखाली करकरते. हे मात्र आईच्या हाताखाली झिजून झिजून आतून गुळगुळीत झालेलं. भिवरा या घरात राहायला आली तेव्हा तिने खड्डा खणून ते जमिनीत बसवलं आणि तोंड तेवढं वर ठेवलं. तसं बसवलं नाही तर मुसळाच्या घावासरशी उखळ हलतं.

घर गावाच्या टोकाला, आणि घरधनी राहायचा गावाच्या मध्यावर. माणूस वाईट नव्हता हो! कधी वाकडा शब्द बोलला नाही. फक्त दुरुस्तीचं नाव काढलं की त्याला नेमकं कुठेतरी जायचं असायचं.

एकदा माजघरावरच्या तुळईला वाळवी लागली. आधी लाकडावर मातीची बारीक रेघ दिसली, मग खाली भुसा पडू लागला.

"मालक, तुळई पोखरलीया," भिवरा म्हणाली. "एकदा सुताराला आणून दावा."

"बघू की. सुगी होऊ दे."

सुगी झाली. मग म्हणाला, लग्नसराई होऊ दे. गावातल्या पोरींची लग्नं झाली, त्या पोरी बाळंतपणाला माहेरी येऊन गेल्या, तरी सुताराचा काही पत्ता नाही. शेवटी भिवराने बाभळीचं एक खोड ओढत आणलं आणि तुळईखाली टेकू दिला. घरधन्याने तो टेकू दोन्ही हातांनी हलवून पाहिला.

"झकास! आता काय बिघडतंय?" असं म्हणून मूठभर पोहे तोंडात टाकून तो चालता झाला.

पण वाळवीला कुठे टेकू कळतो? एक दिवस भिवरा कांडत असताना तुळईचा ढलपा सुटून थेट उखळात पडला. कांडलेले सगळे पोहे मातीमोल झाले. आज पोह्यांवर पडलं, उद्या डोक्यावर पडेल, हे तिला कळून चुकलं. नदीपलीकडे तिच्या धाकट्या बहिणीच्या अंगणात एक खोली रिकामी होती. तिने तिकडे जायचं ठरवलं आणि घरधन्याला बोलावून सांगितलं.

"मालक, मी आता घर सोडते. माझं उखळ तेवढं काढून घेते."

घरधन्याच्या कपाळाला आठी पडली. घर गावाच्या टोकाला, भाडेकरू मिळायची मारामार, त्यात ही निघाली.

"उखळ कसं नेशील? जमिनीत पुरलंय म्हणजे ते घराचं झालं. आणि जमीन उकरून माझं घर खराब करणार तू?"

भिवराला हसावं की रडावं ते कळेना. छप्पर डोक्यावर यायची वेळ आली तेव्हा घर खराब होत नव्हतं, आणि हातभर खड्ड्याने ते खराब होणार होतं! पण उखळाशिवाय पलीकडच्या गावात जाऊन ती करणार काय? दुसरं काही काम तिला येत नव्हतं.

तिचा पडलेला चेहरा पाहून घरधनी जवळ सरकला. "हे बघ, उद्या एक जोडपं घर बघायला येतंय. त्यांच्यापाशी घराबद्दल चार शब्द चांगले बोल. मग उखळ खुशाल घेऊन जा."

लगोलग तो गेरूचं मडकं घेऊन आला. टेकू काढून परसात टाकला, तुळईवरची वाळवीची माती खरवडली, आणि लाकूड लालभडक रंगवून टाकलं. इतक्या वर्षांत त्याने त्या घरासाठी पहिल्यांदाच हात हलवला, तोही गेरू फासायला.

भिवराने मनाची समजूत घातली. चांगलं बोलायचं म्हणजे काही खोटं बोलायचं नाही. घराला चांगल्या गोष्टी आहेतच की. तेवढ्याच सांगू आणि गप्प बसू.

सकाळी जोडपं आलं. नवरा दोरखंड वळणारा होता, आणि बायकोच्या कडेवर तान्हं मूल. भिवराने त्यांना गूळपाणी दिलं आणि ठरवल्याप्रमाणे सांगू लागली. पाणी जवळ आहे, सकाळचं ऊन आत येतं, शेजारी हाकेला धावतात. घरधनी खुशीत मान डोलवत होता.

बाईने माजघरात येऊन वर पाहिलं. "आवो, इथं पाळणा टांगू या! रंगवलेली तुळई किती छान दिसतीया. मावशी, मजबूत हाय न्हवं?"

नवऱ्याने खांद्यावरचा दोर काढून माप घ्यायला तुळईवरून टाकलासुद्धा.

भिवराने उखळाकडे पाहिलं. घरधनी मोठ्याने खाकरला. बाळ आईच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होतं. चार चांगले शब्द बोलून झाले होते, पण हा पाचवा शब्द तिच्याने गिळवेना.

"पोरी, तिथं पाळणा टांगू नगंस. त्या गेरूच्या आत नुसता भुसा हाय."

तिने चुलीजवळची काठी घेऊन तुळईत खुपसली. काठी आत गेली आणि भुशाची धार खाली लागली. नवऱ्याने घाईघाईने दोर ओढून घेतला.

"झालं समाधान?" घरधनी कडाडला. "आता विसर ते उखळ!"

भिवरा उखळाजवळ मटकन बसली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आईचं एवढंच काय ते तिच्यापाशी उरलं होतं. पण जे बोलली ते परत घ्यावंसं तिला वाटलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "विसरले, मालक."

"कसलं उखळ?" दोरवाल्याच्या बायकोने विचारलं. भिवराने सगळं सांगितलं. आता हे लोक निघून जाणार, असं धरून घरधनी दाराकडे बघत राहिला. पण बाई काही जागची हलली नाही.

"घर आमाला पसंत हाय," ती म्हणाली. "दोर वळायला असं लांब अंगण कुठं मिळायचं? पण आदी तुळई नवी घाला."

घरधन्याचा चेहरा उजळला. "घालतो की! आजच सुताराला सांगतो."

"आनि मावशीचं उखळ?"

"ते आमचं आम्ही बघू. तुम्हाला काय करायचंय?"

"करायचंय तर! आज ही घर सोडतीया, एक दिवस आमी सोडू. जाणाऱ्याला तुमी कसं वागवता, ते आमी आत्ताच बघून घेणार."

घरधनी सवयीने दाराकडे वळला. पण आज त्याला कुठे जायचं नव्हतं. तो उभ्या जागी लाजला.

त्याच दिवशी सुतार आला. त्याने तुळई उतरवायला हात लावला तर तिचे बरोबर मधोमध दोन तुकडे झाले, जिथे पाळण्याचा दोर पडला होता तिथेच. ते पाहून घरधन्याला दरदरून घाम फुटला. त्याने पहार घेतली, उखळ स्वतः खणून काढलं, खड्डा बुजवला आणि उखळ भिवराने भाड्याने आणलेल्या बैलगाडीत चढवलं.

नदीपलीकडच्या गावात भिवराचे पोहे आणखी पातळ आणि आणखी चवदार झाले, असं लोक म्हणतात. आणि इकडे ते घर त्यानंतर कधी रिकामं राहिलं नाही. घर सोडून जाणारा माणूसच पुढचा भाडेकरू आणून द्यायचा, आणि घरधनी मान वर करून छप्पर बघत त्याचं स्वागत करायचा.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, येणाऱ्यापुढे गोड कुणीही बोलतं. माणसाची खरी पारख होते ती तो जाणाऱ्याला कसा निरोप देतो यावरून.