चेनचं सुटलेलं पोट

माझे दात माझेच होते तेव्हाची गोष्ट. मेश्राम मास्तरांच्या जुन्या फटफटीची चेन जरा लोंबायची. हॉर्न तिला रोज चिडवायचा, "अगं, पोट सुटलंय तुझं, सावर की!"

चेनला लाज वाटली. ती मुद्दाम खडखड करू लागली. मास्तरांनी रिकामी गाडी स्टँडवर लावली आणि पाना फिरवून तिला तारेसारखी ताठ केली. "आता बोल!" चेन हॉर्नला म्हणाली.

पौर्णिमेला विहारात खीर पोचवायची होती. मास्तर बसले. मागे मांडीवर पातेलं घेऊन त्यांच्या पत्नी भागाबाई बसल्या. वजनानं गाडी दबली, तशी चेन आणखी ताणली गेली. वेशीपर्यंत जाते न जाते तोच ती कळवळली, "मेले गं, तुटते आता!"

मास्तरांनी कुरकुर ऐकली. उतरून पुन्हा पाना काढला.

"अहो, खीर गार होईल!"

"होऊ दे. पोचेल तरी." त्यांनी चेन दोन बोटं सैल केली.

गाडी निघाली. हॉर्ननं तोंड उघडलंच, "अगं, पोट पुन्हा..."

"आहे ना," चेन निवांत म्हणाली. "दोन माणसं आणि एक पातेलं मावेल एवढं आहे."