साचा आणि दोन रिकाम्या जागा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्याचे नाव सांगणारेही आता कोणी उरलेले नाही. त्या राज्याच्या कडेने एक नदी वाहत होती आणि नदीपलीकडे वाघांचे रान होते. मोठा गुन्हा करणाऱ्याला राजा फाशी देत नसे. त्याला नावेत बसवून पलीकडे सोडत आणि नाव परत आणत. पलीकडून कोणी परत आलेले कोणाला ठाऊक नव्हते. आया पोरांना दटावायच्या त्या याच रानाच्या नावाने, आणि खरे सांगायचे तर आयांनाही त्याची भीती वाटायची.

राजाचे हुकूम निघत ते साच्यातून. लाकडी फळीवर वाक्य कोरलेले असे. मध्ये नावांपुरत्या रिकाम्या जागा सोडलेल्या असत. फळीला शाई लावून ती कागदावर दाबली की वाक्य उमटे, मग कारकून रिकाम्या जागी नावे लिही. नावे चिठ्ठ्यांवर येत. न्यायसभेत आधी आरोपीची चिठ्ठी लिहीत, मग साक्षीदाराची. कारकून वरची चिठ्ठी पहिल्या जागेत उतरवी आणि खालची दुसऱ्या जागेत. मग शिक्का मारला जाई. भरलेला कागद पुन्हा वाचण्याची चाल नव्हती. साच्यावर शंका घेणे म्हणजे राजावर शंका घेणे, असे तिथे मानत. आळसाला असे भारदस्त नाव मिळाले की तो पिढ्यान्पिढ्या टिकतो.

या साच्यांची वाक्ये रचत होते अमृतराव चिटणीस. माणूस विद्वान, पण स्वतःच्या वाक्यांवर लुब्ध. शिक्षेचा जुना साचा त्यांना फार ओबडधोबड वाटे. 'अमक्याने गुन्हा केला, असे तमक्याने सांगितले. म्हणून गुन्हेगारास नदीपलीकडे सोडावे.' हे काय वाक्य झाले? अमृतरावांनी नवा साचा कोरवून घेतला:

'____ यांच्या सत्य साक्षीस मान देऊन, ____ यांस सूर्यास्तापूर्वी नदीपलीकडे सोडावे.'

वाक्य खरेच देखणे होते. राजाने खूश होऊन त्यांच्या खांद्यावर शेला घातला. फक्त एक गोष्ट त्या आनंदात कोणाच्या ध्यानात आली नाही. जुन्या साच्यात आधी गुन्हेगार होता, नव्यात आधी साक्षीदार. चिठ्ठ्या मात्र जुन्याच क्रमाने येणार होत्या.

त्याच आठवड्यात सटवाजी नावाच्या दांडग्या माणसाने भांडणाच्या रागात वरच्या वाडीच्या विहिरीत विष टाकले. पहाटे माती आणायला निघालेल्या केरू कुंभाराने ते पाहिले. केरूची बायको ठकी त्याच्या पाया पडली.

"नका जाऊ साक्षीला. तो सटवाजी लई वंगाळ. आपलं घर बुडंल."

"वाडीतली पोरं तेच पाणी पितात, ठके. भ्या मलाबी वाटतंय. पर गप बसलो तर झोप न्हाई लागायची."

राजाने भरसभेत शब्द दिला, "साक्षीदाराच्या केसालाही धक्का लागणार नाही." केरूने कापत कापत साक्ष दिली. गुन्हा शाबीत झाला. दोन चिठ्ठ्या निघाल्या, वर सटवाजी, खाली केरू. कारकुनाने कागद भरला आणि शिक्का बसला.

दुपारी शिपाई आले आणि केरूला चाकावरून उठवून घेऊन गेले. त्याच्या हाताला अजून ओली माती होती. चाक तसेच फिरत राहिले. शिपायांनी रिवाजाप्रमाणे कागदाची नक्कल दाराशी टाकली. ठकीला वाचता येत नव्हते. तिने शेजाऱ्यांना विचारले, पण शिक्क्याच्या कागदाला हात लावायला कोणी धजेना. शेवटी ती धावत अमृतरावांच्या दाराशी आली.

"चिटणीसदादा, एवढं वाचून सांगा. माझ्या मालकानं काय केलं म्हणून नेलं?"

अमृतरावांनी कागद घेतला. आपला साचा पाहून त्यांना आतून बरे वाटले. त्यांनी घसा खाकरला आणि ठसक्यात वाचायला सुरुवात केली.

"'सटवाजी यांच्या सत्य साक्षीस मान देऊन...'"

ते थांबले. पुढचे नाव त्यांना दिसत होते, पण तोंडातून निघेना. आपलेच वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा भरलेले पाहिले होते.

"काय लिवलंय, दादा?"

"चल," ते म्हणाले. "धाव माझ्याबरोबर."

सूर्य कलला होता. दोघे घाटावर पोचले तेव्हा केरूला नावेत बसवलेले होते. पलीकडच्या रानात कुठेतरी भेकर ओरडले आणि नावाडी चपापला. भेकर ओरडते ते वाघ दिसल्यावर.

"थांबवा!" अमृतराव ओरडले. "हा साक्षीदार आहे, गुन्हेगार नव्हे!"

घाटावरच्या नाईकाने कागद पुढे केला.

"चिटणीससाहेब, मला कळतंय हो. पण शिक्क्याचा कागद शिक्क्याच्याच कागदानं फिरतो. माझ्या आधीच्या नाईकानं एकदा कागद मोडला. त्यालाच पलीकडं जावं लागलं. दिवस बुडायच्या आत एक माणूस त्या काठावर उतरलाच पाहिजे."

ठकीने पदर खोचला. "मी जाते. मला न्या."

तेव्हा अमृतरावांना लाज वाटली. माणूस वाईट नव्हता हो. ते म्हणाले, "नवा कागद येईपर्यंत त्याच्या जागी मी उभा राहतो." केरूला उतरवले आणि ते नावेत बसले. मग त्यांनी कागद मागितला आणि गुडघ्यावर ठेवून राजाला चार ओळी लिहिल्या. 'सटवाजी हा गुन्हेगार. या चुकीला साक्षी मी. नवा हुकूम काढावा.' पुढे लिहायचे होते, 'माझा साचा चुकला.' लेखणी तिथे अडली. डोळ्यांपुढे तो शेला आला, सभेतले लोक आले. एवढ्या मोठ्या चिटणिसाला साधे वाक्य जमले नाही असे लोक म्हणतील, या भीतीने त्यांना वाघाचीही भीती विसरायला लावली. त्यांनी लिहिले, 'चिठ्ठ्या उलट पडल्या होत्या.'

ठकी चिठ्ठी घेऊन धावत सुटली. इकडे नाव पलीकडे गेली, अमृतरावांना उतरवून अर्ध्या पाण्यात येऊन थांबली. ते काठाला पाठ लावून उभे राहिले. मागे गवत हलले की त्यांचे काळीज लकलके. वारा नसतानाही ते हलत होते.

राजवाड्यात राजा घाबरा झाला. आपला शब्द मोडत होता. त्याने कारकुनाला फर्मावले, "चिठ्ठ्या नीट तपासा!" पत्रात साक्षी म्हणून अमृतरावांचे नाव होते, तेव्हा नव्या चिठ्ठ्या त्याच नावाने निघाल्या. कारकुनाने त्या तपासल्या. एकदा नव्हे, दहादा. वर आरोपी, सटवाजी. खाली साक्षीदार, अमृतराव. अगदी रिवाजाप्रमाणे. साच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण साचा चुकला असे कोणी कळवलेच नव्हते. शिक्का बसला. स्वार कागद घेऊन दौडत निघाला.

सूर्याची कड पाण्याला टेकली होती तेव्हा तो घाटावर पोचला. नाईकाने कागद उघडला, मनात वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

"मोठ्यानं वाचा!" पलीकडून अमृतराव ओरडले. "नाईक, मोठ्यानं वाचा!"

नाईकाने वाचले. त्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट गेला.

"'सटवाजी यांच्या सत्य साक्षीस मान देऊन, अमृतराव यांस सूर्यास्तापूर्वी नदीपलीकडे सोडावे.'"

केरू पाण्यात उतरू लागला, तर शिपायांनी त्याला धरले. नावाड्याने नाईकाकडे पाहिले. नाईकाने मान खाली घातली आणि नाव अलीकडे बोलावून घेतली. पलीकडून अमृतरावांचे ओरडणे ऐकू येत होते.

"साचा! माझा साचा चुकलाय! त्यांना सांगा, साचा..."

मग ते ओरडणे थांबले.

दुसऱ्या दिवशी केरूने सगळी हकीकत सांगितली आणि राजाने तो साचा भरसभेत वाचून घेतला. सटवाजीला पलीकडे नेले. नाव परत आली तेव्हा तिच्यात अमृतरावांची लेखणी होती, पलीकडच्या ओल्या चिखलात सापडलेली.

त्या दिवसापासून त्या राज्यात प्रत्येक रिकाम्या जागेखाली बारीक अक्षरांत कोरू लागले, 'येथे गुन्हेगार', 'येथे साक्षीदार'. भरलेला प्रत्येक कागद शिक्क्याआधी मोठ्याने वाचला जाऊ लागला. आणि असे म्हणतात, की ठकी कुंभारणीला वाचायला शिकवून ते काम तिलाच दिले.

तात्पर्य : चूक जिथे झाली तिथेच बोट ठेवावे, लाजेपायी ती दुसरीकडे दाखवली, तर तीच चूक उलटून आपल्याच जिवावर येते.